हेरबोर्गबाई आणि अर्धे राहिलेले शब्द

लांगव्हेर बेटावरच्या दोन पिढ्यांना वाचायला शिकवलं ते हेरबोर्गनं. शाळा एकच, वर्ग दोन आणि खिडकीबाहेर समुद्र. तिची शिकवण्याची रीत साधी होती. शब्द समोर आला की लगेच टाळ्या वाजवून त्याची अक्षरं पाडायची नाहीत. आधी सांधा शोधायचा.

नॉर्वेजियन भाषेला सांध्यांचं भारी वेड. दोन शब्द घ्यायचे, कधी तीन, कधी चार, आणि एकमेकांना चिकटवून एकच लांबलचक शब्द करायचा, मध्ये फट म्हणून ठेवायची नाही. इस्पितळ म्हणजे सीकेहूस, आजाऱ्याचं घर. फ्रिज म्हणजे शोलेस्काप, थंड कपाट. सात वर्षांच्या पोरांना असा शब्द फळ्यावर दिसला की घाम फुटायचा. हेरबोर्ग म्हणायची, "घाबरताय कशाला? मोठा मासा घरी आला तर घाबरता का? सुरी कुठं घालायची ते ठाऊक असलं की झालं."

मग ती फळ्यावर घरमालकाचा शब्द लिहायची. हूसऐयर. हूस म्हणजे घर, ऐयर म्हणजे मालक. पण एकटं व्यंजन पुढच्या अक्षराला द्यायचं, हा साधा नियम डोळे मिटून लावला तर तो शब्द होतो हू-सैयर, आणि सैयर म्हणजे विजय. "घरमालक जिंकला, बाई," असं एखादं पोर दरवर्षी ओरडायचंच आणि वर्ग हसायचा. तेवढ्या हसण्यात नियम पक्का व्हायचा: सांधा आधी, टाळी मागून. वाढदिवसाच्या शब्दात जन्म आणि दिवस यांच्यामध्ये एक ‘स’ येऊन बसतो, नुसता जोडायला. तो अलीकडच्या शब्दाचा. ओळ संपली, शब्द तोडून खाली न्यावा लागला, तरी त्या ‘स’ला पलीकडे ढकलायचं नाही.

ती या बेटावर शिक्षिका म्हणून आली तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसची होती. वर्षाच्या आत हागबार्ट नावाच्या कोळ्याशी तिचं लग्न झालं. हागबार्ट बोलका, गाणारा, उधळा. मुलगी झाली, तिचं नाव उन्नी. उन्नी नुकती पाऊल टाकायला लागली होती तेव्हा हिवाळ्यातल्या मासेमारीत हागबार्टची होडी बाहेरच्या खडकांपाशी उलटली. होडीत दोघं होते, हागबार्ट आणि त्याचा जोडीदार आनफिन. आनफिन उलट्या होडीच्या कण्याला धरून राहिलेला सापडला. हागबार्ट सापडलाच नाही.

त्यानंतर आनफिन हेरबोर्गच्या दारात सरपण आणून टाकू लागला. कधी मासे, कधी बटाटे. बोलायचा काहीच नाही. बेटावर लोक बोलायचे ते बोललेच. तीन वर्षांनी त्यानं तिला मागणी घातली, तीसुद्धा धक्क्यावर उभं राहून, समुद्राकडे बघत.

"पोरीला मी जपेन," तो म्हणाला. "पण माझी मुलगी म्हणणार नाही. ती हागबार्टची. तो गेला नि मी राहिलो. त्याचं जे उरलंय ते त्याच्याच नावावर राहू दे."

हेरबोर्गला ते ऐकून बरं वाटलं होतं. हा माणूस सरळ आहे, असं वाटलं. आणखी एक गोष्ट त्यानं मागितली: घरात त्या होडीचा विषय काढायचा नाही. तिनं तेही कबूल केलं. पोरगी मोठी झाली की सांगू सगळं, असं तिनं मनाशी ठरवलं.

आनफिननं शब्द पाळला. उन्नीला त्यानं घसरगाडी करून दिली, वल्हवायला शिकवलं, तिला गोवर झाला तेव्हा तिच्या उशाशी बसून राहिला. पण कुणी विचारलं की सांगायचा, "ही माझी स्तेदात्तर." दात्तर म्हणजे मुलगी. पुढे ‘स्ते’ लागलं की सावत्र मुलगी. आवाजात राग नाही, तुटकपणा नाही. जे आहे ते सांगावं तसं सांगायचा. उन्नी त्याला नावानं हाक मारायची, अहोजाहो करायची.

उन्नी पहिलीत असताना एका शनिवारी हेरबोर्गनं मुलांना घरून एकेक जोडशब्द आणायला सांगितला होता. कुणी नांगराची साखळी आणली, कुणी लोकरी मोजे. उन्नीची पाळी आली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "स्तेदात्तर."

"कुठं ऐकलास?"

"दुकानात. आनफिन दुकानदाराला सांगत होते." तिनं तीन टाळ्या वाजवल्या. स्ते, दात्, तर.

हेरबोर्ग प्रत्येक मुलाला विचारायची तेच तिनं लेकीला विचारलं, "सांधा कुठं आहे?"

"स्तेच्या नंतर, बाई." वर्गात ती आईला बाईच म्हणायची.

"बरोबर," हेरबोर्ग म्हणाली आणि पुढच्या मुलाकडे वळली. त्या दिवशी घरी जाताना दोघी नेहमीसारख्या एकत्र चालल्या. सांगायचं तर तेव्हा सांगता आलं असतं. वारा फार होता, पोरीचे हात गार पडले होते, आणि घरी चूल पेटवायची होती.

असं करता करता उन्नी मोठी झाली. ट्रॉन्डहाइमला गेली, चष्म्याच्या दुकानात काम शिकली, तिथंच राहिली. लग्न केलं, ते टिकलं नाही. नाताळला यायची, आनफिनसाठी तंबाखू आणायची, तीन दिवस राहून परतीच्या बोटीनं जायची. दोघांत भांडण कधी झालं नाही. भांडायला जी जवळीक लागते तीच नव्हती.

बेटावरची पोरं कमी होत गेली आणि हेरबोर्गच्या निवृत्तीबरोबरच शाळेलाही कुलूप लागलं. चित्रांचे पत्ते, ज्यांवर अर्धा शब्द एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला होता, ते कुणाला नको होते. तिनं ते घरी आणून ठेवले. त्याच शरदात आनफिन होडीच्या कोठारात जाळं दुरुस्त करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. हेलिकॉप्टरनं त्याला मुख्य भूमीवरच्या इस्पितळात नेलं. काही आठवड्यांनी तो परत आला तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत होता आणि बोलणं अर्धं झालं होतं. अर्धं म्हणजे अक्षरशः अर्धं.

जोडशब्दात खरा शब्द शेवटी असतो. पुढचा तुकडा फक्त सांगतो, कुठला, कसला, कुणाचा. आनफिनचे हे पुढचे तुकडे गळून पडले होते. त्याला ‘बॅर’ म्हणता यायचं, म्हणजे बारीक रानफळ, पण निळं ब्लोबॅर की लाल तित्तेबॅर ते सांगता यायचं नाही. ‘हूस’ म्हणायचा, मग ते इस्पितळ असो की प्रार्थनाघर. एकदा त्यानं ‘स्काप’ मागितलं. हेरबोर्गनं कपड्यांचं कपाट उघडलं, भांड्यांचं उघडलं, औषधांचं उघडलं. तो मान हलवत राहिला. शेवटी फ्रिज उघडला तेव्हा त्यानं दुधाकडे बोट केलं आणि दोघं कितीतरी वेळ हसत राहिली. आजारानंतर ती पहिल्यांदाच एकत्र हसली होती.

दुसऱ्या एका दुपारी तो ‘दाग’ म्हणाला. दाग म्हणजे दिवस. हेरबोर्गनं आठवड्याचे सगळे वार म्हणून दाखवले. नाही. वाढदिवस? नाही. लग्नाचा दिवस? तो थोडा थांबला, पण नाही. कुठला दिवस त्याच्या मनात होता ते तिला कधीच कळलं नाही.

मुख्य भूमीवरून महिन्यातून एकदा वाचा सुधारायला शिकवणारी एक तरुण बाई यायची. बाकीचे दिवस हेरबोर्गच शिकवायची. शाळेचे पत्ते पुन्हा टेबलावर आले. ती अलीकडचा अर्धा पत्ता पुढे करायची, तो ओठ जुळवायचा, डाव्या हातानं टेबलावर थाप मारायचा. बहुतेक वेळा नुसती थापच यायची.

नोव्हेंबरात उन्नी आली. ती आली त्याच दिवशी शेजारचा युलियस कॉड मासा घेऊन आला, आणि त्याच्याबरोबर त्याचा मुख्य भूमीवरचा पाहुणा. पाहुण्यानं सहज विचारलं, ही कोण. आनफिन खुर्चीतून पुढे झुकला. डाव्या हातानं त्यानं उन्नीची बाही धरली.

"दात्तर," तो म्हणाला.

युलियसनं टोपी हातात फिरवली. हेरबोर्ग चुलीकडे वळली. उन्नी पाव कापत होती, ती कापतच राहिली. मग तिनं सुरी ठेवली, ओढून घेतल्यासारखा कोट अंगावर चढवला आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण त्या दिवशी वाराही होता.

दुसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आई, ब्लोबॅरमधलं ब्लो गेलं, तसंच हे. मला कळतं. मी काय लहान आहे का? पण तू ते तोंडानं म्हणू नकोस."

"नाही म्हणणार," हेरबोर्ग म्हणाली.

धक्क्यावर आनफिननं काय मागितलं होतं ते सांगायला तिला पुन्हा एकदा वाट मिळाली होती. पण लेकीचा चेहरा इतका हलका झालेला तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आत्ता होडीची, खडकांची, मेलेल्या माणसाची गोष्ट कुठं काढायची? तिनं बशी पुसून ठेवली.

मग उन्नी दर महिन्याला येऊ लागली. दुकानातून सुट्टी काढायची, रेल्वे, बस, बोट असा दिवसभराचा प्रवास करून यायची. आनफिनची दाढी करायची, नखं कापायची, बटाटे कुस्करून भरवायची आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची. ती दारात दिसली की तो म्हणायचा, दात्तर. एकदा हेरबोर्ग स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत साबणाचा फेस घोटण्याचा आवाज येत होता, आणि उन्नी हळू आवाजात म्हणाली, "हनुवटी वर करा, बाबा." हेरबोर्गच्या हातातलं काम थांबलं. ज्या गोष्टीचा तिला आनंद व्हायला हवा होता, तिचीच तिला भीती वाटली.

कारण आनफिन सुधारत होता.

वसंतात वाचा शिकवणारी ती तरुण बाई आनंदानं म्हणाली की पुढचे तुकडे परत येताहेत. ‘ब्लो’ आलं होतं. थंड कपाटातलं ‘थंड’ आलं होतं. तिनं हेरबोर्गचं तोंडभरून कौतुक केलं, असे दिवसरात्र कष्ट घेणारी बायको मिळायला नशीब लागतं म्हणाली. हेरबोर्गनं तिला कॉफी दिली. ती बोटीवर चढल्यावर हेरबोर्ग घरी आली आणि पत्ते उचलून कपाटाच्या माथ्यावर, आनफिनचा हात पोचणार नाही तिथं ठेवून दिले.

तो टेबलाशी बसून वाट बघायचा. ती म्हणायची, "आज दमलास. राहू दे." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं टेबलावर मूठ आपटली. चाळीस वर्षांत तिनं एकाही मुलाला एकाही शब्दापासून अडवलं नव्हतं. आता ती आपल्या नवऱ्याला अडवत होती आणि त्याच्या तब्येतीचं निमित्त सांगत होती. तिला स्वतःची लाज वाटत होती, पण उन्नी पंधरा दिवसांनी येणार होती.

एके दिवशी सकाळी तो घरात दिसेना. ती शोधत होडीच्या कोठाराशी गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत तो उलट्या पिंपावर बसला होता आणि डाव्या हातानं मांडीवर थापा मारत होता. ओठ हलत होते. थाप, मग सांध्याला थांबणं, मग पुन्हा थाप. अगदी तिनं पोरांना शिकवायची तसं. कुठला शब्द ते तिला ऐकू आलं नाही. ऐकायला ती पुढेही गेली नाही. तशीच मागे फिरली.

जूनमध्ये उन्नी सुट्टी घेऊन आली. हेरबोर्गनं वाफल केले, वर तपकिरी चीज ठेवलं. आनफिननं स्वतःहून स्वच्छ सदरा मागितला होता. कॉफी ओतून झाल्यावर त्यानं उन्नीला समोर बसायची खूण केली. मांडीवर थाप मारली.

"स्ते," तो म्हणाला.

थांबला. कपाळावरची शीर फुगली.

"दात्. तर." आणि मग एका दमात, कुठंही न अडखळता, "स्तेदात्तर."

त्यानं हेरबोर्गकडे पाहिलं. फळ्यावरचा मोठा शब्द पहिल्यांदा वाचता आला की मुलं तिच्याकडे बघायची, तसं. ती काही बोलली असती तर एकच शब्द बोलायचा होता, आणि तो तिच्या तोंडून फुटेना. तो उन्नीनं म्हटला.

"बरोबर. अगदी बरोबर म्हणालात."

पण आनफिनचं संपलं नव्हतं. "हागबार्ट," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून त्या घरात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. "हागबार्ट. होडी." त्यानं छातीवर हात ठेवला. "मी." पुढे शब्दच नव्हते, ना अर्धे, ना पुरे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तो हात छातीवर आपटत राहिला. उन्नीनं त्याच्याकडे पाहिलं, उठली, आणि खुर्ची नीट आत सरकवून बाहेर गेली.

हेरबोर्ग तिच्या मागे धावली. मासे वाळवायच्या लाकडी मांडवाशी तिनं लेकीला गाठलं आणि इतक्या वर्षांचं सगळं एकदम सांगितलं. उलटी होडी, धक्का, त्याचं बोलणं, तिचं कबूल करणं. तो तुला दूर ठेवायला तसं म्हणत नव्हता, ती म्हणाली. तो तुझ्या बापाची जागा राखत होता.

उन्नीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"म्हणजे मी वर्गात उभी राहिले तेव्हाही."

"हो."

"तेव्हा तू बरोबर म्हणालीस." तिचा आवाज चढला नव्हता. "ते गप्प राहिले मेलेल्या माणसासाठी. तू कुणासाठी गप्प राहिलीस, आई?"

मांडवावर वाळलेली माशांची डोकी वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होती.

दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं उन्नी गेली. निघताना आनफिनच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "येते, आनफिन." तो दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. आपण काय केलं ते त्याला कळलं नव्हतं. बोट दिसेनाशी झाल्यावर हेरबोर्ग घरी परतली तेव्हा तो टेबलाशी बसून थाप मारत तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. आपला उच्चार चुकला, असं त्याला वाटलं होतं. हेरबोर्ग त्याच्या पायाशी जमिनीवर बसली, त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला आणि म्हणाली, "चुकला नाहीस. तू चुकला नाहीस." तो हात सोडवायला बघत होता. त्याला सराव करायचा होता.

त्या उन्हाळ्यात उन्नी आली नाही. फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवून द्यायची. सप्टेंबरात आनफिनला दुसरा झटका आला, आणि या वेळी सगळेच शब्द गेले. उन्नी मिळेल त्या गाडीनं आली. मुख्य भूमीवरच्या इस्पितळात ती त्याच्या खाटेशी बसून राहिली. त्याचे डोळे उघडे असायचे, पण ते कुणावर टेकत नव्हते. ती त्याला मोठ्यानं बाबा म्हणून हाक मारायची, परिचारिका असली तरी, युलियस बसलेला असला तरी. त्याला ऐकू गेलं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. आठवडाभरानं तो गेला.

बेटावरच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. थंडी फार होती, लोक पटापट कॉफीला निघून गेले. उन्नी आईच्या शेजारी उभी राहिली, पण तिनं आईचा हात धरला नाही. नंतरही ती दर रविवारी फोन करायची. माफ केलं असं तिनं कधी म्हटलं नाही, आणि केलं नाही असंही म्हटलं नाही. हेरबोर्गनंही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, याचीच तिला खात्री नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात उन्नीनंच विषय काढला. होडी जिथं उलटली ते खडक तिला बघायचे होते. युलियसनं आपली मोटरबोट काढली. दोघी बाकावर शेजारी बसल्या. बाहेर पोचेपर्यंत लाटा उंच झाल्या होत्या, खडकांवर पांढरा फेस चढत होता. कुठला खडक, असं उन्नीनं विचारलं. युलियसनं हनुवटीनं तीन-चार खडक दाखवले. यातलाच कुठला तरी, तो म्हणाला, नक्की तर आनफिनलाच ठाऊक होतं. त्यानं दोन फेऱ्या मारल्या. जवळ जाणं शक्य नव्हतं.

परत फिरताना वारा समोरून आला. हेरबोर्गचा डोक्याचा रुमाल सुटून खांद्यावर पडला, ते तिच्या लक्षात आलं नाही. ती खडकांकडेच बघत होती.

"आई, डोकं झाक," उन्नी म्हणाली. मग वाट न बघता तिनंच तो रुमाल ओढून वर घेतला आणि हनुवटीखाली गाठ मारली.